डेकवरचा वारा आणि सासूबाईंचं जॅकेट

पत्राचा सारांश: पन्नाशी ओलांडलेल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या, त्यांचे पती आणि ७४ वर्षांच्या सासूबाई असे तिघं अलास्काच्या सात रात्रींच्या क्रूझला निघाले आहेत. केचिकन, जुनो आणि स्कॅगवे ही तीन बंदरं आणि एक अख्खा दिवस ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत, असा बेत आहे. बर्फाच्या मुलखात जाण्याची तिघांचीही ही पहिलीच वेळ. पतींचं म्हणणं असं, की प्रत्येकी एक जाडजूड, गुडघ्यापर्यंत येणारा कोट घेतला की प्रश्न मिटला. मुलीनं पाठवलेली यादी इतकी लांबलचक आहे की ती पुरी करायची तर बॅगा पुरायच्या नाहीत. पत्रलेखिकेला स्वतःला थंडी अजिबात सोसत नाही, आणि पुन्हा कधी अंगावर चढणार नाहीत अशा कपड्यांवर पैसे घालणंही जिवावर येतं. सासूबाईंनी तर जाहीरच केलंय, ‘माझ्यासाठी काही घेऊ नका, मी आपली खोलीतल्या काचेतून बघेन.’ त्यातच दोन संध्याकाळी ‘औपचारिक पोशाख’ घालायचा असं जहाज कंपनीच्या पत्रकात छापलंय, त्याचं दडपण वेगळंच. त्या विचारतात : तिथे थंडी नेमकी किती असते, कोट कोणता घ्यावा, आणि सासूबाईंचं ऐकावं का?

उत्तर:

आकड्यापासून सुरुवात करते, कारण घरातल्या प्रत्येकानं मनात एकेक आकडा धरून ठेवलाय असं तुमचं पत्र वाचताना वाटलं. मेअखेरीस जुनोत दुपारी साधारण १३ ते १५ अंश सेल्सिअस तापमान असतं, पहाटे ते ५-६ अंशांपर्यंत उतरतं. केचिकनची गोष्ट फारशी वेगळी नाही. ‘अलास्का’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो हाडं गोठवणारा हिवाळा त्या आठवड्यात त्या किनाऱ्यावर नसतो. दिवसही लांबलचक असतो. जुनोत पहाटे चारच्या सुमारास उजाडतं आणि सूर्य मावळायला रात्रीचे साडेनऊ वाजून जातात.

पण एवढं वाचून ‘मग एक स्वेटर पुरे’ असं ठरवलंत तर ग्लेशियर बेच्या दिवशी तुम्ही थोड्याच वेळात डेकवरून आत पळाल. याचं कारण असं, की तुम्ही उभ्या असाल ती जमीनच चालत असेल. मोठी क्रूझ जहाजं मोकळ्या पाण्यात १८ ते २० नॉटच्या वेगानं जातात. २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. हवा पूर्ण पडलेली असली तरी पुढच्या डेकवर उभ्या माणसाच्या तोंडावर तेवढा वारा येतच राहतो. अंगाभोवती आपल्याच उबेनं तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो, तो हा वारा सतत उडवून नेतो. वाऱ्यामुळे थंडी किती जाणवेल हे काढण्याचं एक सूत्र अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ मध्ये स्वीकारलं. त्यात ५ अंश तापमान आणि ताशी ३७ किलोमीटर वारा घातला, तर उत्तर जवळपास शून्य येतं. तापमानच शून्य असेल तर उणे ७. हिमनदीजवळ जहाजाचा वेग अगदी कमी होतो हे खरं, पण तिथे बर्फावरून घसरत खाली येणारी गार हवा त्याची भरपाई करते.

दुसरी गोष्ट ओल. केचिकनला वर्षाकाठी साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडतो. मे-जून हे तिथले त्यातल्या त्यात कोरडे महिने, तरीही भुरभुर केव्हाही येऊ शकते. पाणी हे स्थिर हवेच्या जवळजवळ २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. त्यामुळे १२ अंशांत भिजलेला माणूस शून्य अंशातल्या कोरड्या माणसापेक्षा जास्त कुडकुडताना दिसला तर नवल वाटायला नको.

म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून तुम्हालाच परत विचारते. तिथे थंडी किती असते हे कळून बॅग भरता येत नाही. तुम्ही सलग किती वेळ उघड्यावर असणार, त्या वेळात हालचाल करणार की नुसत्या उभ्या राहणार, आणि अंगावर पाणी येण्याची शक्यता किती, हे कळलं की भरता येते. तुमच्या आठवड्याकडे तसं पाहा. दिवसाचे बहुतेक तास तुम्ही जहाजाच्या आत असाल आणि आत २१-२२ अंशांची सुखद हवा असते, तिथे जाड कपड्यांत घामाघूम व्हायला होतं. बंदरात उतरल्यावर चालणं, चढउतार. स्कॅगवेहून वर घाटात जाणाऱ्या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेनं जाणार असाल, तर डबे आतून गरम असतात. ती गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८७३ मीटर उंच चढते आणि वर मेअखेरीसही बर्फ पडून राहिलेला असू शकतो, पण तुम्हाला थंडी लागेल ती फोटोसाठी डब्याच्या टोकाच्या उघड्या सज्जात उभं राहिल्यावर, तेवढा वेळ. जुनोहून देवमासे बघायला लहान बोटीनं गेलात तर दोन-तीन तास भर वाऱ्यात. आणि ग्लेशियर बेचा दिवस, ज्या दिवशी माणसं तासन् तास कठड्याला टेकून स्तब्ध उभी असतात. खरी परीक्षा या शेवटच्या दोन प्रसंगांची आहे. बाकीचा आठवडा हलका आहे.

एकाच आठवड्यात इतक्या निरनिराळ्या गरजा असताना एकच जाड कोट कुठेच नीट बसत नाही. बंदरात चालताना तो काढून हातावर वागवावा लागतो, पावसात बहुतेक कोट पाणी पितात आणि मग दोन दिवस वाळत नाहीत, आणि बॅगेची अर्धी जागा एकटा खातो. तुमच्या यजमानांचं मन मला समजतं. एका खरेदीत काळजी संपवायची त्यांची इच्छा आहे, आणि कोटाची जागा कुठे आहे ते पुढे सांगणारच आहे. पण तुमच्यासाठी आणि त्यांच्यासाठी उत्तर थरांमध्ये आहे. ऊब कापडात नसते, कापडानं धरून ठेवलेल्या हवेत असते. तीन पातळ थरांच्या मधे अडकलेली हवा एका जाड थराइतकीच ऊब देते, आणि शिवाय हवा तेव्हा एकेक थर उतरवता येतो.

अंगालगत थर्मल. ते सुती नको, एवढं एक पथ्य कडक पाळा. सूत घाम शोषतं आणि ओलं धरून बसतं. चालून आल्यावर डेकवर उभं राहिलात की तीच ओल पाठीवर गार पडते. मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल घ्या. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तिसरा हिस्सा इतकी वाफ पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, आणि तीन-चार दिवस घातली तरी तिला वास येत नाही. प्रवासात याचं मोल फार आहे. ‘लोकर टोचते’ म्हणून नको वाटत असेल तर मेरिनोचा धागा साध्या लोकरीपेक्षा खूप बारीक असतो, बहुतेकांना तो टोचत नाही. एकदा उघड्या मानेला लावून बघा, लगेच कळतं.

मधला थर फ्लीसचा. पॉलिस्टरपासून बनणारं हे कापड १९७९ च्या सुमारास आलं आणि गिर्यारोहकांकडून सगळ्यांकडे गेलं, कारण ते हलकं असतं, ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब देतं आणि झटकन वाळतं. थंडी सोसत नाही म्हणता, तर फ्लीसच्या जोडीला एक पातळ पफर, म्हणजे आत पिसं किंवा कृत्रिम धागे भरलेलं फुगीर जॅकेट ठेवा. घडी केली की ते मुठीएवढ्या पिशवीत मावतं. पिसं भरलेलं पफर वजनाच्या मानानं सर्वांत उबदार असतं, पण भिजलं की पिसं चिकटून बसतात आणि ऊब जाते. अशा पावसाळी किनाऱ्यासाठी कृत्रिम भरणाचं पफर मला जास्त भरवशाचं वाटतं.

सगळ्यांत वर टोपी असलेलं, पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं रेनजॅकेट. या एका वस्तूवर मी सर्वांत जास्त भर देईन. त्याच्या आत अस्तर नसलं तरी चालेल, ऊब द्यायला आतले थर आहेत. शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेल्या असाव्यात, मनगटाला आवळता यावं आणि टोपी दोरीनं घट्ट करता यावी, नाहीतर वाऱ्यानं ती मागे उडत राहते. छत्री डेकवर निरुपयोगी आहे. आणि हे जॅकेट नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठं घ्या. दुकानात नुसत्या कपड्यांवर घालून बघितलेलं जॅकेट फ्लीस आणि पफरवर चढत नाही, किंवा चढलं तर आतली हवा दाबून टाकतं आणि ऊब निम्मी होते. निघण्यापूर्वी घरी सगळे थर एकावर एक घालून हात वर करा, वाका, खुर्चीत बसा. कंबर उघडी पडली किंवा काखेत ताणलं तर अजून बदलायला वेळ आहे.

आता खर्च. ‘पुन्हा कधी अंगावर चढणार नाहीत’ हे तुम्ही सगळ्याच कपड्यांना लावलंय, तिथे मला थांबवावंसं वाटतं. रेनजॅकेट पावसाळ्यात कुठेही चालतं. फ्लीस आणि थर्मल गार ठिकाणच्या प्रवासात, पहाटेच्या फिरण्यात, एसीच्या रात्रीच्या गाडीत कामाला येतात. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहण्याची शक्यता असलेला एकच कपडा तुमच्या यादीत आहे, तो म्हणजे तो गुडघ्यापर्यंतचा कोट. म्हणजे काटकसरीचा विचार केला तरी पारडं थरांकडेच झुकतं. पफर आणि फ्लीस कुणाकडून मागून आणता आले तर जरूर आणा; त्यात कमीपणा नाही, थंड देशांत जाऊन आलेल्या बहुतेक घरांत ते नुसते पडून असतात. दोन गोष्टी मात्र उसन्या आणू नका : रेनजॅकेट, कारण जुन्या जॅकेटांचा पाणी अडवणारा लेप उडालेला असतो आणि ते भर पावसातच कळतं; आणि बूट.

बुटांबद्दल थोडं सविस्तर. पाय गार पडले की वर काहीही घाला, माणूस दुर्मुखतो. पाणी आत न शिरणारे, तळव्याला चांगली पकड असलेले, घोट्याला आधार देणारे चालायचे बूट पुरतात. बर्फात घालायचे अवजड बूट या सहलीला लागत नाहीत. हेलिकॉप्टरनं हिमनदीवर उतरवणाऱ्या सहली त्यांच्या त्यांच्याकडचे बूट चढवायला देतात, म्हणून त्यासाठी वेगळी खरेदी नको. बूट घेताना लोकरीचे जाड मोजे घालून बघा आणि आत बोटं हलतात याची खात्री करा. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर रक्तप्रवाह कमी होतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. नवे बूट निघण्याच्या निदान तीन आठवडे आधी रोज थोडे वापरायला लागा.

हातांसाठी मला दुहेरी व्यवस्था आवडते : आत पातळ बोटांचे हातमोजे, ज्यांनी फोन आणि कॅमेरा हाताळता येतो, आणि वर चारही बोटं एकत्र राहतात असे जाड मिटन. बोटं एकमेकांना ऊब देतात, म्हणून मिटन बोटांच्या मोज्यांपेक्षा केव्हाही गरम. फोनची बॅटरी गारठ्यात भराभर उतरते. तो बाहेरच्या खिशात न ठेवता फ्लीसच्या आतल्या खिशात ठेवा.

कान झाकणारी टोपी हवीच. ‘शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते’ असं तुम्हीही ऐकलं असेल. ते खरं नाही. डोक्यातून जाते ती त्याच्या आकाराच्या मानानंच, दहाएक टक्के. पण कान, नाक आणि गाल वाऱ्याला सर्वांत आधी कळवळतात, म्हणून टोपी आणि गळ्याला नळीसारखा बसणारा पट्टा. लांब मफलर बोटीवर फडफडतो, कुठेही अडकतो. एक गोष्ट बहुतेक याद्यांत तळाशी असते किंवा नसतेच, ती म्हणजे गॉगल आणि सनस्क्रीन. ताजा बर्फ सूर्याची सुमारे ८० टक्के अतिनील किरणं परत फेकतो, पाणीही थोडी फेकतं. गार हवेत ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी नाक भाजल्यासारखं लाल झालेलं असतं.

आता सासूबाई.

‘मी आपली काचेतून बघेन’ हे वाक्य तुम्ही थंडीबद्दलचं मानलंय. ते तसं असेलही. पण मला त्यात आणखी तीन शक्यता दिसतात आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे. एक, आपल्यासाठी खर्च नको, एवढंच त्यांना म्हणायचं असेल. दोन, आपल्यामुळे तुमच्या दोघांच्या हिंडण्याफिरण्यात अडथळा नको. आणि तीन, जी मोठी माणसं क्वचितच बोलून दाखवतात : ओल्या डेकवर, हलत्या जिन्यावर पडण्याची भीती. या तिन्हींपैकी कुठलीच शंका जाड कोटानं मिटत नाही. म्हणून त्यांना ‘तुम्हाला थंडी सोसेल ना?’ असं विचारू नका, त्यावर ‘नाही बाई’ एवढंच उत्तर येणार. ‘आई, हिमनदीसमोर जहाज तासभर थांबणार आहे, त्यातली पंधरा मिनिटं आपण दोघी बाहेर बसू, चालेल?’ असं विचारून बघा. ‘बाहेर’ हा शब्द मोठा आणि अनिश्चित वाटतो. पंधरा मिनिटं आणि सोबत, हे पेलण्यासारखं वाटतं.

काचेतून काय दिसेल हेही त्यांना प्रामाणिकपणे सांगा. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला फक्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश असतो, राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून माहिती सांगतात, आणि मार्जरी हिमनदीसमोर बहुतेक कप्तान जहाज सावकाश फिरवतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना दिसावं. खोलीच्या खिडकीतून त्यातला काही वेळच वाट्याला येईल. बर्फाचा कडा पाण्यात कोसळतो तेव्हाचा गडगडाट मात्र बंद काचेआड पुरता पोचत नाही. मधला मार्ग असा, की वरच्या मजल्यांवर मोठ्या काचांची, गरम, बसायला ऐसपैस दालनं असतात. सकाळी लवकर तिथली खिडकीजवळची जागा धरा, तो त्यांचा मुक्काम. तिथून दाराबाहेर डेकवर जाणं चार पावलांचं काम. बाहेर बसताना वाऱ्याच्या आडोशाची बाजू निवडा. जहाजाच्या मागच्या टोकाला पुढच्यापेक्षा वारा बराच कमी लागतो. बऱ्याच जहाजांवर डेकवर पांघरायला ब्लँकेट मिळतं, मागायला संकोच करू नका.

आणि इथे तुमच्या यजमानांचा कोट कामाला येतो. तुम्ही दोघं हिंडाल, फिराल, अंगात ऊब तयार कराल. बसून राहणाऱ्या माणसाचं शरीर तेवढी ऊब तयार करत नाही, म्हणून त्याला कपड्यांतून जास्त द्यावी लागते. तिघांपैकी जाड, लांब, बसल्यावर मांड्या झाकणारा कोट कुणाला शोभेल तर सासूबाईंना. तो पुढून चेनचा असावा, डोक्यातून घालायचा नको. खांदे आखडलेले असतील तर डोक्यातून कपडा घालणं-काढणं हीच एक शिक्षा होते. फ्लीससुद्धा पुढून उघडणारं, थर्मलच्या पँटला सैल इलॅस्टिक, बुटांना नाडीऐवजी वेल्क्रो. हातमोजे मिटन पद्धतीचेच, आणि काढले की पडू नयेत म्हणून दोरीला जोडलेले. त्यांना स्वतःचं स्वतः घालता-काढता आलं पाहिजे. दर वेळी सुनेला हाक मारावी लागणार असेल तर त्या खोलीत बसणंच पसंत करतील.

प्रकृतीच्या बाजूनं दोन शब्द. वय वाढलं की शरीर थंडीची सूचना उशिरा देतं. हुडहुडी कमी भरते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या चटकन आकसत नाहीत. ‘मला नाही वाजत थंडी’ हे उत्तर खरं असूनही पुरेसं नसतं. म्हणून विचारण्यापेक्षा त्यांचा हात हातात घेऊन बघा. बोटं बर्फासारखी गार लागली, बोलणं संथ किंवा अडखळत झालं, चेहऱ्यावर मरगळ दिसली, की वाद न घालता आत जायचं. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं तर ती डॉक्टरला बोलावण्याची वेळ असते आणि जहाजावर वैद्यकीय कक्ष असतो. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झाली असेल तर मोजे आणि बूट अधिक जपून निवडा, आणि रोज रात्री पाय नजरेखालून घाला. रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनी, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातल्या, हातपाय गार पडतात. निघण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा विचारून घेतलेलं बरं.

एवढं सगळं करूनही त्यांनी ‘मला काचेतूनच बरं वाटतं’ असं म्हटलं, तर ते मान्य करा, अगदी मनापासून. सहल त्यांचीही आहे आणि ती कशी घालवायची हे त्यांनी ठरवायचं. पण कोट बॅगेत असू द्या. तिसऱ्या दिवशी त्यांचं मन बदललं तर कपडे नाहीत म्हणून त्यांना अडून राहावं लागू नये.

बॅगेचा हिशेब तुम्हाला वाटतोय तेवढा कठीण नाही. थर्मलचे दोन जोड एकाआड एक पुरतात. फ्लीस, पफर, रेनजॅकेट प्रत्येकी एकेकच. तुमच्या सगळ्या फोटोंत जॅकेट तेच दिसणार, दिसू द्या. झटपट वाळणाऱ्या दोन पँट आणि एक बरी काळी पँट. जीन्स नेत असाल तर फक्त जहाजातल्या वापरासाठी, कारण भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही आणि मांड्यांना गार चिकटून राहते. लहान बोटीच्या दिवशी पँटवर चढवायची पातळ पावसाळी पँट तिघांनाही घ्या, ती घडीला वहीएवढी होते. लोकरीच्या मोज्यांचे चार जोड, आतल्या कपड्यांचे जरा जास्त, आणि खोलीत घालायला हलके सुती कपडे, कारण आत उकडतं. पोहण्याचा पोशाख विसरू नका; गारठ्यात गरम पाण्याच्या कुंडात बसून डोंगर बघण्याची संधी बऱ्याच जहाजांवर मिळते. खोल्यांच्या भिंती बहुधा धातूच्या असतात, तेव्हा चार-पाच चुंबकी हुक नेले की ओली जॅकेटं पसरून वाळत घालता येतात. इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीनं बहुतेक जहाजं ती काढून घेतात. चुरगळणार नाहीत असे कपडे निवडा. विमानप्रवासात सर्वांत जड बूट पायात आणि सर्वांत फुगीर जॅकेट अंगावर ठेवा, वजनाचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

औपचारिक संध्याकाळींचं दडपण मात्र तुम्ही विनाकारण घेतलंय. सात रात्रींत अशा एक-दोनच रात्री असतात आणि त्या मुख्य भोजनगृहापुरत्या. ज्यांना नटायचं नसतं ते त्या दिवशी बुफेला जेवतात, कुणी वळूनही बघत नाही. तुम्हाला जावंसं वाटत असेल तर ती काळी पँट, एक झुळझुळीत वरचा कपडा, एक शाल आणि एखादा गळ्यातला दागिना, एवढ्यावर दोन्ही रात्री निभावतात. यजमानांना पूर्ण सूट न्यायची गरज नाही; गडद पँट, शर्ट आणि एक जॅकेट पुरे. टाचांच्या चपला घरी ठेवा. समुद्र जरा हलला की सपाट पट्ट्याच्या चपलाच बऱ्या.

ज्या वाचकांची क्रूझ दुसरीकडे जाते त्यांच्यासाठी थोडंसं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात जाणार असाल तर समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे ट्रोम्सोसारख्या ६९ अंश उत्तरेकडच्या गावातही सरासरी तापमान उणे ३-४ च्या आसपासच असतं, पण रस्ते गोठून घसरडे होतात. तिथे बुटांखाली चढवायचे काटे हवेत, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नसल्यानं अंधारात चमकणारी पट्टीसुद्धा. तिथे थर्मल जाड घ्या. अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांनी खरेदीआधी जहाजाचं पत्रक नीट वाचावं, कारण बऱ्याच मोहीम-जहाजांवर जाड जॅकेट भेट मिळतं आणि रबरी बूट वापरायला देतात. दोन्ही विकत घेतले तर पैसे वाया. तिथे किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी कपड्यांचे खिसे, वेल्क्रो आणि बुटांचे तळवे तपासून साफ करायला लावतात, कारण १९९१ साली स्थापन झालेल्या तिथल्या सहल-संचालकांच्या संघटनेचा नियमच आहे की बाहेरचं बी किंवा माती त्या खंडावर जाऊ नये. म्हणून गवताचे कुसळ अडकतील असे लोकरीचे बाहेरचे कपडे तिथे टाळावेत.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. बंदरावर मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतल्या जातात आणि खोलीत कधीकधी संध्याकाळीच पोचतात. जहाज सुटताना सगळे डेकवर उभे असतात आणि नेमकी जॅकेटं बॅगेत अडकलेली असतात. तेव्हा तिघांचं एकेक रेनजॅकेट, फ्लीस, टोप्या आणि सासूबाईंची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. तसंच शेवटच्या रात्री बहुतेक जहाजांवर बॅगा भरून खोलीबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट बंदरावर मिळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी घालायचे कपडे, बूट आणि एक गरम थर आधी बाजूला काढा, मगच बॅगेची चेन लावा.